पिंपातले पहारेकरी

वापराच्या पाण्याच्या पिंपात मी डासांच्या अळ्या पाळल्या आणि विहीणबाईंना त्या कौतुकानं दाखवल्या.

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडे कर्जतला व्हायचं होतं. पण गेल्या पावसाळ्यात मला डेंग्यू झालेला, हे खालापूरच्या विहीणबाई विसरल्या नव्हत्या. आधी घर बघणार, मगच सून पाठवणार, असा त्यांचा निरोप होता.

आमच्या नळाला दिवसाआड पाणी, त्यामुळे पिंप भरून ठेवावंच लागतं. बायको दर आठवड्याला कोरडा दिवस पाळून ते उपसायची, घासायची. मला हे मागासलेपणाचं वाटलं, कारण मी नुकतंच वाचलं होतं. तळ्यात सायक्लॉप्स नावाचे जीव असतात, कोळंबीच्या भावकीतले, पण खसखशीएवढे. ते डासांच्या नुकत्या जन्मलेल्या अळ्या फस्त करतात, म्हणजे पिंपाचे पहारेकरीच.

कळंबच्या एका तळ्यातून मी कॅन भरून आणला. ओतताना पिंपाच्या तोंडाला चौपदरी फडकं बांधलं. नारूच्या धास्तीपासून आमच्या घरात न गाळता पाणी कशातच जात नाही. हात आपोआप फडक्याकडे जातो. नारूचा जंतू पोटात घेऊन फिरणारे, त्या काळी गाळून काढायचे ते हेच सायक्लॉप्स, हेसुद्धा मी वाचलं होतं. फडकं जास्वंदीखाली झटकलं. पहारेकरी सगळे तिथे गेले आणि पिंपात पडलं ते नुसतं पाणी.

ते पिंपातच आहेत असं धरून, त्यांना हवा मिळावी म्हणून मी झाकण जरा उघडं ठेवलं. पुढच्या आठवड्यात पिंपात वळवळ दिसली आणि मी धन्य झालो. बायको उपसायला आली तर आडवा आलो. ती म्हणाली, या गेल्या वर्षीसारख्याच अळ्या दिसताहेत. मी म्हणालो, वाचत जा जरा.

विहीणबाई आल्या. खोली, मच्छरदाणी, पाळणा, सगळं त्यांना पसंत पडलं. सून रविवारी पाठवते, असंही म्हणाल्या. तिथे मी गप्प बसायला हवं होतं. मी त्यांना पिंपाशी नेलं, झाकण उचललं, बॅटरी मारली. आतून डास उठले. एक त्यांच्या मनगटावर बसला. तो त्यांनी चापटीनं मारला, पदराला हात पुसला आणि पाण्यात वाकून पाहिलं.

"ह्ये तुमी पाळलंय?"

मी पहारेकऱ्यांचं सांगायला लागलो. त्यांनी झाकण लावलं.

"व्याहीबुवा, सुनेचं बाळंतपण आमी करतो. तुमी ह्या डासांचं उरका."