ताडपत्रीखालची आरती

जळकोटला झेरॉक्सच्या दुकानात वीज गेली आणि दुकानदारानं दाराशी ठेवलेला छोटा जनरेटर सुरू केला. पेट्रोलच्या धुराचा वास आला मात्र, मी हातातले कागद तिथंच टाकून रस्त्यावर आले. वासाला एवढी भिणारी बाई त्यानं कधी पाहिली नसावी.

माकणीच्या धरणात माझ्या मामांचं जुनं गाव बुडालं, महादेवाच्या देवळासकट. श्रावणातल्या एका सोमवारी होडी बरोबर त्या जागेवर न्यायची आणि वरूनच पाण्यावर बेल वाहायचा, ही त्या गावच्या माणसांची रीत. देव खाली, भक्त वर, मधे तेरणा नदीचं पाणी. होडीत मावणार तिघं-चौघं, बाकीचं गाव काठावर. त्यांनाही आरती ऐकू यावी म्हणून मामांनी एका वर्षी स्पीकर घेतला आणि त्याच्यासाठी मांडववाल्याकडचा, हातानं उचलता येईल एवढा जनरेटर.

होडीत मामा, मी आणि नावाडी. मधेच भुरभुर सुरू झाली. यंत्र भिजू नये म्हणून मामांनी ताडपत्री अशी बांधली, की जनरेटर, स्पीकर आणि आम्ही दोघं सगळे एकाच छपराखाली. नावाडी तेवढा टोकाला, उघड्यावर भिजत होता. आरती सुरू झाली आणि थोड्या वेळानं माझं डोकं ठणकू लागलं, पोटात ढवळलं. मामा मधेच थांबून म्हणाले, उपासाचं पित्त असेल, नंतर केळ खा. मलाही पटलं, उपासाच्या माथी काय खपत नाही! पुढं मामांचा आवाज संथ होत होत थांबला. डोळे मिटलेले, मान किंचित झुकलेली. मला वाटलं, समाधी लागली. बुडालेलं देऊळ दिसत असेल त्यांना. मी हात जोडून त्यांच्याकडं बघत बसले.

आवाज का थांबला म्हणून नावाड्यानं वाकून आत पाहिलं. "ताई, मामा हालंनात. ताडपत्री सोडा आदी."

माझ्या बोटांना गाठ सुटेना. त्यानंच विळ्यानं दोरी कापली, जनरेटर बंद केला. मी मामांना हलवलं तर ते ओंडक्यासारखे माझ्या अंगावर कलंडले. इतकी भ्याले, की देवाचं नावसुद्धा तोंडात येईना. काठाजवळ त्यांना मोठी ओकारी झाली, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, धूर कोंडला होता. अजून थोडा वेळ तसेच बसला असता, तर तुम्ही दोघंही गेला असता.

मामा आता खणखणीत आहेत. भीती माझ्याकडं राहिली, आणि ती धुराची कमी, माझ्या जोडलेल्या हातांची जास्त. माझ्यासमोर माणूस चालला होता आणि मी भक्तिभावानं बघत होते. हल्ली ते देवापुढं डोळे मिटून बसले, की मी स्वयंपाकघरातून हाक मारते. ते वैतागतात, "अगं, जप चाललाय की."

"चालू द्या," मी म्हणते, "पण मधी मधी ओ देत जावा."