यारीवरची लीलाबाई

नवलाख उंबऱ्याच्या भिमाजीनं चाळीस वर्षं विहिरी खोदल्या, हे गावात कोणीही सांगेल. त्या चाळीस वर्षांत विहिरीच्या काठावर, पाट्या वर ओढायच्या यारीवर, दोर कोणाच्या हातात होता हे मात्र कोणी सांगणार नाही. तो लीलाबाईच्या हातात होता. भिमाजी खाली काळा दगड फोडायचा आणि ही त्याची बायको भरलेल्या पाट्या वर ओढून घ्यायची. बाईमाणसानं विहिरीत उतरायचं नाही असा रिवाज. त्यामुळे जमिनीच्या पोटातलं तिनं पाहिलं ते पाटीतून वर आलं तेवढंच. त्यातले लकाकणारे पांढरे खडे तिनं एका डब्यात जपून ठेवलेत आणि भिमाजी त्यांना ‘लीलाचा खजिना’ म्हणून हसतो.

यंदा उन्हाळ्यात सुनेनं, राजेश्वरीनं, मोबाइलवर एक फोटो दाखवला. हिमालयाच्या पायथ्याशी, शिवालिकच्या टेकड्यांमधलं जीवाश्मांचं उद्यान होतं ते. लाखो वर्षांपूर्वीच्या हत्तींची, कासवांची हाडं तिथं दगड होऊन निघाली होती. भिमाजीचा घास हातातच राहिला.

“इतकं दगड फोडलं, पर येकात बी हाड न्हाई घावलं!”

“आपला दगड लाव्ह्याचा, आबा. त्यात कुठली हाडं?” राजेश्वरी म्हणाली.

झालं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. दुसऱ्याच दिवशी त्यानं आपला मित्र हौशीराम गाठला आणि बेत पक्का केला. भाताची आवणी उरकली की हौशीराम मोकळा, म्हणजे श्रावणात निघायचं. पुण्याहून अंबाल्यापर्यंत रेल्वे, पुढं गाडी. तिकिटं दोन.

दोन! लीलाबाईनं हे चुलीपाशी ऐकलं आणि भाकरी जरा जास्तच जोरात थापली. फोटो पाहिल्यापासून तिला तिथं जायचं होतं, भिमाजीइतकंच, खरं तर त्याच्याहून जास्त. पण ‘मलाबी न्या’ म्हणायला तिची जीभ वळेना. ज्यानं न विचारता दोर हातात दिला, त्यानं न विचारता तिकीटही काढावं, असं तिचं सरळ म्हणणं. भिमाजीच्या डोक्यात मात्र तिचे गुडघे. हिला चढउतार झेपणार नाही, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. बायकांच्या गुडघ्यांची काळजी पुरुषांना नेमकी सहलीच्या वेळी वाटते, गिरणीतून दळण आणताना वाटत नाही.

तिकिटं काढायला हौशीराम ओसरीवर येऊन बसला. लीलाबाईनं चहा ठेवला आणि राजेश्वरीला म्हणाली, “त्यो फोटू जरा मोठा कर.”

तिनं मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं.

“ह्यो डोंगर दगडाचा न्हाई. सगळी मातीच हाय. ह्या घळी बघा, पाण्यानं कापल्यात. पावसात हितं पाय ठिवला तर माती तुमाला संगं घिऊन खाली जाईल.”

भिमाजी हसला. “अगं, डोंगर पावसातच बघायचा असतो. सगळं लोणावळं काय उन्हाळ्यात भरतं व्हय?”

“लोणावळ्याचा डोंगर काळ्या दगडाचा हाय. माती मला सांगू नगा.”

राजेश्वरीनं उद्यानाकडं नेणाऱ्या एका गाडीवाल्याचा नंबर शोधून फोन लावला. तो हिंदीत बराच बोलला. त्याचं सार इतकंच, की पावसात ते उतार फार निसरडे होतात, दिवाळीनंतर या.

मग हौशीरामनं हळूच विचारलं, “भिमा, माजी हीर आठवती का रं?”

भिमाजीला न आठवून कसं चालेल? हौशीरामची विहीर चार परस, म्हणजे चार पुरुष उंचीइतकी खोल गेली होती. वरच्या थरातली पिवळी माती मूठभर घसरली आणि लीलाबाईनं कोणाला न विचारता भिमाजीला दोरावर वर ओढून घेतलं. वर येताच तो चारचौघांत तिच्यावर ओरडला, “काम बंद पाडलंस!” त्याचं बोलणं संपायच्या आत ती सगळी कड खाली बसली, मघाशी तो खाली उभा होता नेमकी तिथंच. तेव्हा त्याचं तोंड मिटलं, ते त्या विषयावर तीस वर्षं उघडलंच नाही.

आज त्यानं कप खाली ठेवला.

“त्या दिशी तुला लय बोललो मी,” तो म्हणाला. “तुज्या हातात दोर हुता म्हनून मी हाय. ह्ये कवाच बोलाय पायजे हुतं. चुकलंच माजं.”

या एका वाक्यासाठी आपण इतकी वर्षं थांबलो होतो, हे लीलाबाईला आत्ता कळलं. तिनं पदरानं तोंड पुसलं.

“राजेश्वरी,” भिमाजी म्हणाला, “दिवाळीनंतरची काढ. तीन.”

“आन् वैनीचं गुडघं?” हौशीरामनं विचारलं.

“गुडघ्याचं मी बघीन,” लीलाबाई म्हणाली. “पर येक आत्ताच सांगते. तितं घळीत पयली मी उतरनार. तुमी काठावर हुबं ऱ्हायचं, मातीवर नदर ठिवून.”

“बरं.”

“आन् तुमी हाक मारली, तर मी भांडन न करता वर यीन.”