फळ्यावरची शेवटची ओळ

शनिवार, ७ डिसेंबर १९७४. अर्धा किलो शेंगतेल, चार रुपये साठ पैसे. आष्ट्यातल्या त्या दुकानात आम्ही तिघेच होतो: दुकानाचे मालक अण्णा चौगुले, त्यांच्या पत्नी सुमनवहिनी आणि मी. मी पाचाची नोट दिली, अण्णांकडे सुटे नव्हते. अलीकडे सुट्या पैशांच्या जागी पेपरमिंटच्या गोळ्या हातावर ठेवायची रीत सगळीकडे पडली आहे. अण्णांनी ती उचलली नाही. "चाळीस पैसे हायेत तुमचे, उद्या न्या," म्हणाले. रविवारी सकाळी मी दाढी करत होतो, तेव्हा शेजारचे शिंपी दारात येऊन उभे राहिले. पहाटे अण्णांच्या छातीत दुखायला लागलं आणि डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्याला आता सहा आठवडे झाले. मी शाळेत गणित शिकवतो. पुराव्याशिवाय कारण मानायचं नाही, असं मुलांना सांगत आलो आहे. तेव्हा अण्णा कशानं गेले याचं उत्तर मी देत नाही. जे मला माहीत आहे ते घडलं तसं लिहितो.

कोरेगाव सोडून नोकरीसाठी इथे आलो त्याला एकोणीस वर्षं होतील. पहिल्या महिन्यात अण्णांकडून आणलेली साखर मी शाळेच्या प्रयोगशाळेतल्या तराजूवर पुन्हा तोलली. दहा ग्रॅम जास्त भरली. तसं जाऊन सांगितलं, तर अण्णा पोट धरून हसले. "आवं मास्तर, कमी भरली म्हणून भांडाया येत्यात माणसं. जादा भरली म्हणून आलेलं तुमीच पहिलं." त्या दिवसापासून संध्याकाळी त्यांच्या दुकानापुढच्या बाकावर बसायची मला सवय लागली. तिसरे होते आमचे निवृत्त सुभेदार. गेली दोन वर्षं बाकावर एकच विषय होता, महागाई आणि तिचा दोष कुणाचा. सुभेदार कधी सरकार छापत असलेल्या नोटांना धरत, कधी तेलवाल्या अरबांना, कधी दुष्काळाला, आणि शेवटी न चुकता व्यापाऱ्यांवर येत. "माल दाबून ठेवतात साले," म्हणायचे आणि अण्णांकडूनच तपकिरीची चिमूट घ्यायचे. अण्णा पुड्या बांधता बांधता ऐकून घेत. एकदाच म्हणाले, "दोष कुटला बी असू दे सुभेदार, गिऱ्हाइकाला दिसतो तो माझा तराजू."

हे वाक्य मला लागलं. कारण तोवर बाकावरची थट्टा गावात थट्टा राहिली नव्हती. बायका पिशवी हातात घेऊन अण्णांसमोर काहीबाही बोलू लागल्या होत्या. त्याच सुमारास माझ्या मेव्हण्याचं इंग्लंडहून पत्र आलं. तिथे साखरेसाठी दुकानं पालथी घालावी लागतात, पाव किती महागला, सगळं तपशिलानं लिहिलं होतं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. पौंडांच्या देशातही हेच चाललं असेल, तर आष्ट्यातल्या एका माणसाला दोष कसा देता येईल? मग मी वर्तमानपत्रांतून इटली, जपान, अमेरिका अशा देशांतले भाव टिपायला लागलो. वाचनालयाच्या फळ्यावर दर रविवारी ठळक बातम्या लिहायचं काम माझ्याकडे होतं. जूनमधल्या एका रविवारी मी बातम्या पुसून देशोदेशीचे भाव लिहिले. गेल्या वर्षी काय होता, आज काय आहे. वरच्या चार ओळी परदेशच्या. पाचवी आपली: आष्टा, शेंगतेल, पूर्वी साडेपाच, आज नऊ रुपये वीस पैसे. आणि आकड्यापुढे तो कुठून घेतला हे लिहायची मला सवय आहे, म्हणून इंग्लंडपुढे 'खासगी पत्र' लिहिलं, जपानपुढे 'वृत्तपत्र' लिहिलं, आणि शेवटच्या ओळीपुढे 'चौगुले यांचे दुकान'.

पौंड आणि येन कुणी वाचले नाहीत... वाचली ती शेवटची ओळ. गावातल्या साऱ्याच दुकानांत तोच भाव होता, पण फळ्यावर नाव एकच होतं. मंगळवारी रिकामे डबे वाजवत साठ-सत्तर बायका अण्णांच्या दारात उभ्या राहिल्या. गुरुवारी पुरवठा खात्याचे लोक आले. त्यांनी वजनं तपासली, पावत्या पाहिल्या, कोठी उलथीपालथी केली, तेलाचे डबे सील करून गेले. आठ दिवसांनी येऊन सील काढलं आणि काही गैर नाही असं तोंडी सांगितलं. सुभेदारांनी तेव्हापासून बाकावर यायचं सोडलं. गिऱ्हाइकं पलीकडच्या दुकानात जाऊ लागली, त्याच भावानं तेल घ्यायला.

मी अण्णांची माफी मागितली. त्यांनी हात झटकला. "तुमी बऱ्यासाठी केलं. आता फकस्त एक ओळ लिवा फळ्यावर. तपासलं, काय न्हाई सापडलं. लोक तुमचं वाचत्यात." मी म्हणालो, "अण्णा, तोंडी सांगणं पुरावा होत नाही. लेखी कागद हातात आला की त्याच दिवशी लिहितो." अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग मान हलवली. "बरं. कागद येऊ द्या."

कागद आला नाही. दोनदा अर्ज केला, तालुक्याला चकरा मारल्या. अण्णांनी आधी दर आठवड्याला विचारलं, मग महिन्याला, मग विचारणंच बंद केलं. दिवाळीत त्यांच्या दुकानात मी एकटाच गिऱ्हाईक होतो तेव्हाही त्यांनी विचारलं नाही. कुठल्या देशात महागाई किती हे आता मी टिपत नाही. दोष कुणाचा, या प्रश्नाला सुभेदारांकडे चार उत्तरं होती. माझ्याकडे एकच उरलं आहे, आणि ते कुठल्या फळ्यावर लिहायचं मला कळत नाही.

गेल्या आठवड्यात सुमनवहिनींनी दुकान बंद करायचं ठरवलं. मला बोलावणं आलं. फळ्या निम्म्या रिकाम्या होत्या, तराजू उतरवून भिंतीशी ठेवला होता. सुटे नसले की अण्णा नंतर आठवणीनं कागदाच्या तुकड्यात पैसे बांधून वर नाव घालत आणि गल्ल्यात एका बाजूला ठेवत. तशी एकच पुडी शिल्लक होती. शनिवारी रात्री दुकान वाढवण्याआधी कुठूनतरी सुटे मिळवून त्यांनी ती बांधली असणार. वर पेन्सिलीनं 'मास्तर' एवढंच. "वहिनी, राहू द्या," मी म्हणालो. "न्हाई वो," त्या म्हणाल्या, "त्यांनी नाव घातलंय."

मी हात पुढे केला. अण्णांनी दिले, चाळीस पैसे. घेणारा मी. पावती त्यांनी मागितली नाही.