ट्रीट आणि क्युअर

जळगावच्या पिंप्राळ्यात प्रेमराज सरांकडे इंग्रजीला न गेलेलं पोर शोधावं लागेल. पुढच्या खोलीत क्लास, मागे स्वयंपाकघर, मध्ये नुसता पडदा. सरांचा हट्ट एकच. जवळच्या अर्थाचे दोन शब्द एका दावणीला बांधायचे नाहीत. "मीठ पांढरं, तुरटीही पांढरी. भाजीत तुरटी घालशील का रे?" असं विचारून ते पोरांची भंबेरी उडवत. 'ट्रीट' आणि 'क्युअर' हा त्यांचा ठेवणीतला सापळा. 'ट्रीट' म्हणजे उपचार करणं, 'क्युअर' म्हणजे रोग मुळातून घालवणं. दोन्हीला 'बरं करणं' लिहिलं की मार्क कापलेच. तिथे रडणं, गयावया, ओळखपाळख, काही चालत नसे. माणूस मनाचा वाईट नव्हता, पण शब्द आला की त्यांना समोरचा चेहरा दिसत नसे.

यंदा त्यांच्या बायकोला, कोकिळाबाईंना, पोटाचा कॅन्सर निघाला. धुळ्याच्या दवाखान्यात बरेच दिवस गेले. शेवटी डॉक्टरांनी सरांना बाजूला घेतलं. "आता आमच्या हातात काही नाही. घरी न्या, मागतील ते खाऊ घाला."

सर खोलीत आले आणि म्हणाले, "डिस्चार्ज मिळाला." त्यात खोटं अक्षर नव्हतं. पण पुढचं सांगायला जीभ रेटेना. कोकिळाबाईंनीही काही विचारलं नाही, फक्त पदर सारखा केला. सरांना वाटलं, बरं झालं, हिला कळलं नाही.

आपल्याकडे डिस्चार्ज म्हटलं की माणूस बरा झाला, असंच धरतात. एरंडोलला कोकिळाबाईंच्या आई, कमलबाई, यांनीही तेच धरलं. लेकीसाठी त्यांनी पद्मालयाच्या गणपतीला नवस बोलला होता. फोनवर डिस्चार्ज ऐकल्याबरोबर म्हातारी देवळात जाऊन तो फेडून आली. जळगावकडे निघालेली गाडी वाटेत तिच्या दारात थांबली, तेव्हा ती पेढ्यांचा पुडा घेऊन उभीच होती.

"जवाईबापू, डाक्टरनी बरी करी ना मनी पोरले?"

सगळा जन्म ज्या चुकीला त्यांनी माफी दिली नव्हती, ती चूक सुरकुतलेल्या तोंडानं हसत समोर उभी होती. खरं बोलावं तर म्हातारी दारातच कोसळेल, आणि गाडीत बसलेली कोकिळा ऐकेल.

"हो अक्का," सर म्हणाले, "बरी शे आता."

कमलबाईंनी लेकीच्या तोंडात अर्धा पेढा घातला, उरलेला तिच्या हातात दिला, तिच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. गाडी हायवेला लागली. सर खिडकीबाहेर बघत राहिले. डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसलं तर हिला दिसेल, याची त्यांना भीती वाटत होती.

"अहो," कोकिळाबाई हळूच म्हणाल्या, "ट्रीट का क्युअर?"

सरांनी चमकून मान वळवली. पडद्यामागे भाकरी थापता थापता बाईंनी सगळा क्लास ऐकला होता, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

कोकिळाबाईंनी उरलेला अर्धा पेढा त्यांच्या तळहातावर ठेवला.

"खा. आईचं उत्तर चुकलंय. पण तिचे मार्क कापू नका."