फोकसची कडी

जयराम देवरे मूळचे नामपूरचे. पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून नाशकात आले आणि इथलेच झाले. सरळ रेघ मारण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे, आणि दुसऱ्याच्या रेघेतला बाक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. पुढे पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद लागला, तेव्हा ही नजर तिथेही कामाला आली.

‘पाणकाठ मंडळ’ नावाची हौशी लोकांची एक टोळी होती. एक डेंटिस्ट, दोन मास्तर, एक द्राक्षबागायतदार, असे लोक. रविवारी पहाटे नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर जायचं आणि महिन्यातून एकदा गंगापूर रोडवरच्या एका शाळेच्या ड्रॉइंग हॉलमध्ये काळे पडदे ओढून स्लाइड बघायच्या. मंडळाचा एक कडक नियम होता. पडद्यावर स्लाइड कोणाची, ते सांगायचं नाही. सगळ्यांचं बोलून झालं की मगच नाव. तोवर ज्याची स्लाइड असेल त्याचं तोंड बंद. अध्यक्ष चंदरराव गांगुर्डे, हेच ते बागायतदार, म्हणायचे, “इथं बाप दाखव नाही तर श्राद्ध कर असं नाही. इथं आधी श्राद्ध, मग बाप.”

प्रोजेक्टर जयरामांकडे असे. आदल्या दिवशी सगळ्यांच्या स्लाइड त्यांच्या घरी यायच्या. नावावर चिठ्ठी चिकटवून, वर आकडा टाकून ते त्या गोल ट्रेमध्ये लावायचे. दिव्याच्या उष्णतेनं फिल्म किंचित फुगते, त्यामुळे प्रत्येक स्लाइडला लेन्सची कडी केसभर फिरवून फोकस सावरावा लागतो. ते काम जयरामांइतकं कोणाला जमत नसे. दर हिवाळ्यात पुण्याच्या प्रदर्शनाला मंडळाची एकच स्लाइड जायची, आणि गेली चार वर्षं ती जयरामांची होती. ऑफिसातले लोकही त्यांना “यंदा काय पाठवताय पुण्याला?” असं विचारायचे. विचारलेलं त्यांना आवडायचं.

दोन हजार साली योगिनी पगार मंडळात आली. कॅनडा कॉर्नरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारी बाई. जुना कॅमेरा, भावाकडून घेतलेली लेन्स आणि कायनेटिक होंडा. पहिल्या सभेला तिनं आणलेल्या बगळ्यांवर जयराम सविस्तर बोलले. पाय कापलेत, पांढरा रंग जळलाय, मागची फांदी डोक्यातून उगवलीय. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या महिन्यात तिन्ही चुका टाळून आली. त्याच्या पुढच्या महिन्यात तिच्या नदीसुरय पक्ष्यासमोर डेंटिस्ट डॉक्टर नुसते “वा” म्हणाले.

डॉक्टर जयरामांच्या स्लाइडला “उत्तम” म्हणायचे. “वा” कधी म्हणाले नव्हते.

“काय हो, आज कोणाचा फोटो खाल्लात?” जयरामांची बायको मीना विचारायची. सभेहून आल्यावर ते जेवताना कोणाचं काय चुकलं ते सांगायचे, म्हणून हा टोमणा. हल्ली मात्र ते गप्प जेवायचे.

“आज कोणी वाढलंच नाही वाटतं,” मीना म्हणाली.

पुढच्या वर्षी निवडीच्या सभेआधी स्लाइड घरी आल्या. जयरामांनी एकेक लाइट बॉक्सवर ठेवून भिंगातून पाहिली. योगिनीच्या स्लाइडवर नाव वाचायची गरज नव्हती. पाण्यावर चांदव्यांचा, त्या काळ्या पाणपक्ष्यांचा, थवा सैरावैरा पळतोय, पायांनी पाणी फाटलंय, आणि वर भोवत्या, तो दलदलीवर घिरट्या घालणारा शिकारी पक्षी, पंजा खाली सोडून एका चांदव्यावर आलाय. त्या एकट्या चांदव्यानं मान वळवून वर पाहिलंय. डोळ्यातला लाल ठिपका टाचणीच्या टोकाएवढा, आणि स्वच्छ.

“भारी शे,” जयरामांच्या तोंडून निघालं. खरं कौतुक अजून अहिराणीतच बाहेर पडायचं. खोलीत कोणी नव्हतं, तरी त्यांनी मागे वळून पाहिलं.

त्यांची स्वतःची स्लाइड खंड्याची होती. पाण्यात स्वतः काठी रोवून, त्यावर तो बसेपर्यंत कित्येक सकाळी चिखलात काढल्या होत्या. चोचीत मासा, मागे एकसारखं हिरवं. त्यात एकही चूक नव्हती. त्यांनी दोन्ही स्लाइड शेजारी शेजारी ठेवल्या आणि लगेच लांब केल्या.

निवड करायला पुण्याहून एक जाणकार पाहुणे आले होते. हॉल अंधारला. खंड्या झाला. “स्वच्छ काम,” पाहुणे म्हणाले. मग भोवत्या आला. नेहमीसारखा सुरुवातीला जरा धूसर. जयरामांची बोटं कडीवर होती. केसभर फिरवायची होती. ती फिरली नाहीत.

रांगांमधली डोकी पुढे झाली. मग पाहुणे हळहळले. “अरेरे! काय क्षण आहे हा! पण सॉफ्ट आहे.”

“देवरे, फोकस बघा हो जरा,” गांगुर्डे म्हणाले.

जयरामांनी कडी डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली आणि होती तिथेच आणून सोडली. “स्लाइडच तशी आहे.”

योगिनी तिसऱ्या रांगेत होती. नियमाप्रमाणे तिचं तोंड बंद होतं. खंड्या पुण्याला गेला.

जिन्यात तिनं जयरामांना गाठलं. “सर, माझी घरी शार्प दिसली होती.”

“भिंगात सगळंच शार्प दिसतं, मॅडम. खरं काय ते पडद्यावर कळतं. हात हललाय तुमचा. ट्रायपॉड घ्या. उडणारे सोडा काही दिवस, बसलेले काढा.”

“बरं झालं सांगितलंत. बाकीचे नुसतं वा वा करतात.” तिनं खरंच आभार मानले. जयराम स्कूटरला किक मारत राहिले. स्कूटर पहिल्याच किकला सुरू झाली होती.

तिनं ट्रायपॉड घेतला. पुढचे महिने तिच्या स्लाइडवर पक्षी बसलेले असायचे. पाणकोंबडी बसलेली, ढोकरी बसलेली, सगळं नीटनेटकं. डॉक्टर “उत्तम” म्हणू लागले. जयरामांना पुन्हा जेवताना बोलावंसं वाटू लागलं. योगिनीच्या चुकांबद्दल ते आता मोठ्या मनानं बोलायचे, “शिकेल हळूहळू.”

“शिकलेलीच होती की,” मीना म्हणाली. “ते पळणारे पक्षी घरी आले त्या रात्री तुम्हाला भाकर गेली नव्हती.”

“पित्त झालं होतं.”

“जळजळ झाली होती खरी कशाची तरी.”

पावसाळ्यानंतरच्या सभेला योगिनी एक मोठी गुंडाळी घेऊन आली. तिच्या लॅबच्या डॉक्टरीणबाईंना रुग्णांच्या बाकासमोर लावायला चित्र हवं होतं. योगिनीनं नको नको म्हणत तीच भोवत्याची स्लाइड मोठी करायला दिली होती. सॉफ्ट असली तरी लांबून चालेल, म्हणून. तिनं गुंडाळी टेबलावर उलगडली. चार कोपऱ्यांवर चौघांनी हात ठेवले.

हातभर रुंद कागदावर भोवत्याची पिसं मोजता येत होती. पाण्याचा थेंब न् थेंब वेगळा. चांदव्याच्या लाल डोळ्यात आकाशाचा तुकडा.

गांगुर्डे म्हणाले, “देवरे, ही तीच ना?”

सगळे जयरामांकडे बघत होते. दिवा तापला, फिल्म फुगली, माझ्या लक्षात आलं नाही, एवढं म्हणता आलं असतं. लोकांनी मानलंही असतं. पण त्यात चूक त्यांची झाली असती, आणि स्लाइड तिची चांगली ठरली असती. त्यांनी खिशातून भिंग काढलं, कागदावर वाकले आणि बराच वेळ पाहिलं.

“हल्ली फोटो लॅबवाले कॉम्प्युटरवर शार्प करून देतात,” ते म्हणाले.

डॉक्टरांनी कोपऱ्यावरचा हात काढला. कागद तेवढा वर वळला.

योगिनीनं सावकाश गुंडाळी केली, रबर लावलं. आवाज तिनं अजिबात चढवला नाही. “यंदा निवडीला प्रोजेक्टर मी चालवते, सर. रोज फोकसच तर लावते लॅबमध्ये. तुम्ही पुढे बसा. पुढून नीट दिसतं.”

“चालेल की,” गांगुर्डे घाईनं म्हणाले. बाकीच्यांनी माना हलवल्या.

डिसेंबरात जयराम पहिल्या रांगेत बसले. पाठीमागे प्रोजेक्टरचा पंखा घुमत होता. यंदा ते करकोचा घेऊन आले होते. सकाळचं ऊन, पाण्यात एक पाय, मागे एकसारखं निळं. तो पडद्यावर आला, जरा धूसर. जयरामांनी मांडी आवळली. तिनं तसंच राहू द्यावं, असं त्यांना त्या क्षणी मनापासून वाटलं. मग हिशेब मिटला असता. पुढे वर्षभर मनातल्या मनात तिला नावं ठेवता आली असती.

करकोचा हळूहळू उमटत गेला. आधी चोच, मग मानेवरचं एकेक पीस, मग पायाभोवतीची पाण्याची बारीक वळी. कडी आणखी केसभर पुढे गेली, किंचित मागे आली आणि थांबली. जयरामांनी स्वतः केला असता त्यापेक्षा हा फोकस चांगला होता. करकोचा जसा होता तसा, पूर्ण दिसत होता. एका पायावर उभा असलेला एक करकोचा.

“नीट आहे,” मागून कोणीतरी म्हणालं.

आणखी कोणी काही बोलेल म्हणून योगिनी थांबली. चांगली थांबली. कोणी बोललं नाही. जयरामांचं तोंड तर नियमानंच बंद होतं. मग तिनं बटण दाबलं, आणि ट्रे एक घर पुढे सरकला.