बाळूवर केलेला प्रथमोपचार

तुर्भ्याच्या आमच्या कारखान्यात एकाचा हात मशीनमध्ये सापडला आणि स्ट्रेचरवरून मला नेलं.

रक्त बघून मी आडवा झालो होतो. ज्याचा हात कापला तो बिचारा स्ट्रेचरच्या बाजूने चालत आला! (त्याला टाके पडले, मला ग्लुकोज बिस्किट.) तेव्हापासून सगळं खातं मला 'नाजूकराव' म्हणायला लागलं. मग मीही हट्टाला पेटलो. कंपनीच्या प्रथमोपचाराच्या वर्गात नाव घातलं. सोमवारी परीक्षा होती. काय वाट्टेल ते होवो, रक्तासमोर उभं राहायचंच!

रविवारी सकाळी कोपरखैरण्याच्या घरात सराव सुरू केला. पेशंट म्हणून मेहुणा बाळू होताच. नोकरी शोधायला साताऱ्याहून येऊन आमच्याकडेच राहत होता, त्यामुळे त्याला नाही म्हणायची सोय नव्हती.

"दाजी, मला नक्की झालंय काय?"

"मांडी मोडलीय, जबडा मोडलाय, डोकं फुटलंय."

"आयला! मग मी जित्ता कसा?"

"गप पड. जबडा मोडलेला माणूस बोलत नाही."

हनुवटीखालून डोक्यापर्यंत पट्टी आवळली, बाळूचं तोंड बंद. मांडीला मच्छरदाणीच्या काठ्या बांधल्या. पट्ट्यांसाठी बायकोची जुनी सुती साडी फाडली. मग लाल रंगाची सवय व्हावी म्हणून बिटाचा रस त्याच्यावर सढळ हाताने ओतला.

"अहो, ती लादी कोण पुसणार?" आतून सुमन ओरडली. सुमन म्हणजे आमची बायको.

"एक पट्टी कमी पडतेय. विळी आण."

"कात्री घ्या की!"

"अपघाताच्या जागी कात्री असते का?"

(विळी तरी कुठे असते, हे तेव्हा सुचलं नाही.) साडी जोरात ओढली आणि तळहात पात्यावरून सर्रकन गेला. रक्ताची धार! सुमन अशी किंचाळली की अख्खी सोसायटी जिन्यात आली.

मला गरगरायला लागलं. पण मनाला बजावलं, पडायचं नाही! स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबलं, हात डोक्याच्या वर धरला. अगदी शिकवलं होतं तस्संच. तेवढ्यात समोरचे परबकाका चौघांना घेऊन आत घुसले आणि त्यांना दिसला बाळू.

"अरे देवा! ह्याचं काय खरं नाही!"

"काका, जखम माझ्या हाताला आहे!"

"तुमचं नंतर बघू. आधी सिरीयस पेशंट!"

बाळू "उं! उं!" करत सुटला. "बघा, केवढ्या कळा येतायत!" म्हणत त्यांनी त्याला सतरंजीवर घेतलं. सुमन रडत सांगत होती, "अहो, त्याला काही झालेलं नाही!" तर बायका तिलाच धीर देत होत्या. आणि मी? माझा अभ्यास मला गप्प बसू देईना. "मान हलवू नका! पाय सरळ धरा!" असं मी ओरडलो, त्यामुळे सगळ्यांची खात्रीच पटली.

खाली उतरलो. माझा हात अजून वरच होता, त्यामुळे तीन रिक्षा थांबल्या.

दवाखान्यात बाळूला स्ट्रेचरवर घेतलं. डॉक्टरांनी पट्ट्या सोडल्या. तोंड सुटल्याबरोबर बाळू म्हणाला, "दाजी, परीक्षा तुमची हाय का माझी?"

"पट्ट्या एकदम उत्तम," डॉक्टर म्हणाले. "पण जखम कुठाय?"

मी हात पुढे केला. त्यांनी कापड उचलून पाहिलं. "शाब्बास! दाब बरोबर दिलात, म्हणून रक्त थांबलं."

परबकाकांचा आ वासलेला. मला तर आनंदाने रडायलाच येत होतं. एवढं रक्त, तेही स्वतःचं, आणि मी माझ्या दोन पायांवर उभा! म्हटलं, आता कोण म्हणतो नाजूकराव ते बघतोच!

"चला, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊ," म्हणत डॉक्टरांनी सुई काढली.

बाळू तेवढ्यात स्ट्रेचरवरून उतरला होता ते एक बरं झालं. मला ठेवायला जागा झाली!