धरणावरच्या पाखरांची पिसं

माझं गाळपेराचं रान धरणाच्या पोटात आहे. पाणी मागं सरलं की त्या ओल्या गाळात आमी हरभरा टाकतो. हिवाळाभर तिथं पांढरी पाणपाखरं असतात. पुस्तकात त्यांना कुरव म्हणतात म्हणं. मी चौथी नापास. पण कैक हिवाळे त्यांच्या शेजारी खुरपं धरून बसलोय.

औंदा होळीच्या आधी गाळावर पिसंच पिसं पडली. थव्यातल्या काही पाखरांच्या पंखांवर तपकिरी चट्टे, शेपटीला काळी पट्टी. जी चांगली पांढरी होती त्यांची डोकी काळपट पडून राहिली. झालं. माझा पुतण्या बारावी पास. मोबाईल घेऊन पारावर बसला अन् सांगून राहिला, पाखरांत रोग आला, आता कोंबड्यांत उतरणार. गावानं माना हलवल्या. दोन दिवसांत निम्म्या गावाच्या कोंबड्या बाळापूरच्या बाजारात गेल्या. रोगाची म्हणून घरातून काढलेली कोंबडी दुसऱ्याच्या गळ्यात मारताना एकालाही लाज वाटली न्हाई. ही शिकलेल्यांची अक्कल.

माझ्या सुनेच्या आठ कोंबड्या. तिचं स्वतःचं म्हणावं असं घरात तेवढंच. तिनंही कोंबड्या बाजारात न्यायला डालगं काढलं. मी नको म्हणालो तर थांबली.

“मामा, तुमाला बराबर ठावं हाय, का नुसता हट्ट हाय?”

असं मला घरात कुणी विचारत न्हाई. मग सांगितलं. एका पाखराचा पाय वाकडा आहे. मागच्या साली ते चट्ट्यापट्ट्याचं होतं. औंदा तेच लंगडत आलं ते पांढरंशिप्पट, पंखावर एक डाग न्हाई. चट्टे म्हणजे लेकरपणाची पिसं. ती गळतात, थोराची येतात. अन् थोरांची डोकी उन्हाळ्याच्या तोंडाला दरसाल रंग धरतात.

“आपली कोंबडी पिसं गाळती, तवा तिला कुणी दवाखान्यात नेतं का?”

तिनं डालगं भिंतीला लावून ठेवलं.

पंधरा दिवसांनी एक कोंबडी मेली. पुतण्या गावभर सांगत सुटला, बघा, म्हातारा ऐकत न्हाई. मेलेली कोंबडी तशीच उचलली अन् त्याच्या दारात गेलो. मानेवर मुंगसाचे दात उमटलेले स्पष्ट दिसत होते. पिसं बाजूला करून धरली. लांबूनच म्हणाला, काका, हात धुवा आधी.

बाकीच्या सात दारात टिपून खात आहेत.